टाळी, टेबल आणि इटालियन क्रियापद

जावई इटालियन बोलतो याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. तक्रार त्याच्या आईची होती आणि ती माझ्याबद्दल होती.

झालं असं, की दर रविवारी आमची मुलगी फोनच्या पडद्यावर विहीणबाईंना आमच्यासमोर आणून बसवायची. त्या तिकडून भरभर बोलायच्या, मुलगी भाषांतर करायची, आमची ही हसून मान डोलवायची आणि मी बसायचो. नुसताच. आता बसल्या जागी माझा चेहरा कसा दिसतो, हे काही माझ्या हातात नाही. पाणीपुरवठा कार्यालयात बिल-दुरुस्तीच्या खिडकीमागे अर्धी हयात गेली, की चेहऱ्याला ‘उद्या या’ असं वळण आपोआप लागतं. पण हे विहीणबाईंना कोण सांगणार? लग्न तोंडावर आलं असताना एका रविवारी फोन ठेवला आणि मुलगी रडायलाच लागली.

“बाबा, त्यांना वाटतंय तुला हे लग्न पसंत नाही. म्हणाल्या, तुझे वडील माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत. मी तिथे नको असेन तर मी येत नाही, तुम्ही दोघं उरकून घ्या.”

“मग सांग ना त्यांना, माझा चेहराच असा आहे म्हणून.”

“सांगितलं. त्या म्हणाल्या, चेहऱ्याला तोंड असतं ना?”

प्रश्न बिनतोड होता. लग्नानंतर मुलगी त्याच बाईंच्या घरी राहायला जाणार होती. लेकीचं निम्मं सुख सासूच्या मनात असतं, आणि त्या मनात मी आधीच फुगून बसलेला म्हातारा म्हणून नोंदला गेलो होतो. त्या भरात मी जाहीर करून टाकलं, “त्यांना घ्यायला विमानतळावर मी येणार. आणि त्यांच्या भाषेत मी स्वतः बोलणार. मध्ये दुभाष्या नको.”

“त्यापेक्षा नुसते हसलात तरी चालेल,” ही म्हणाली. पण बाण सुटला होता. शिवाय हसणं मला इटालियनपेक्षा अवघड जातं.

चपलांच्या दुकानावरच्या माळ्यावर इटालियनची शिकवणी चालायची. बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण आवाज हेडमास्तरांचा. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “काका, तुम्हाला नेमकं काय बोलायचंय?”

मी म्हटलं, “आम्ही तुमची वाट पाहत होतो. एवढं आलं तरी पुरे.”

बाईंनी फळ्यावर लिहिलं : वी आस्पेत्तावामो.

“एवढंसंच?” मी जरा हिरमुसलो. फी पूर्ण महिन्याची भरली होती.

“सगळं क्रियापदाच्या पोटात आहे. कापून दाखवते,” बाई म्हणाल्या, आणि तिथून माझ्या आयुष्याची कापाकापी सुरू झाली.

त्यांचं म्हणणं असं, की इटालियन क्रियापद दोन सुऱ्यांनी कापायचं. पहिली सुरी जिभेची. उच्चाराचा एक तुकडा, एक टाळी. वी, आ, स्पेत्, ता, वा, मो. सहा टाळ्या. दुसरी सुरी डोक्याची. तिथे अर्थाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला टेबलावर एक थाप. ‘वी’ म्हणजे ‘तुमची’, ते बाजूला. ‘आस्पेत्त’ म्हणजे वाट पाहणं, तो धातू. मग ‘आ’, ती धातूच्या घराण्याची खूण. मग ‘वा’, म्हणजे तेव्हा चालू होतं, अजून संपलं नव्हतं. आणि शेवटी ‘मो’, म्हणजे आम्ही. त्या एवढ्याशा ‘मो’मध्ये मी, आमची ही आणि आमचे सासरे असे तिघं दाटीवाटीने बसलो होतो.

इथवर माझी हरकत नव्हती. पण दोन्ही सुऱ्या एकाच जागी कापत नव्हत्या. डोकं जो धातू अखंड ठेवायचं, त्याचे जीभ तीन तुकडे करायची आणि शेवटचा भलत्याच अक्षराला नेऊन चिकटवायची. ‘फिनिस्कोनो’, म्हणजे ‘ते संपवतात’, या शब्दाने तर कहर केला. जीभ म्हणे फि-नि-स्को-नो, डोकं म्हणे फिन-इस्क-ओ-नो. बिलं दुरुस्त करणाऱ्या माणसाला एकाच मीटरची दोन रीडिंग्ज कशी सहन होणार? मी बाईंना विचारलं, यातलं अधिकृत कोणतं.

“दोन्ही. काका, ही भाषा आहे, नळ नाही.” आणि मग त्यांनी माझा घात करणारं वाक्य उच्चारलं. “टाळी सोडू नका. हाताने शिकलेलं तोंड विसरत नाही.”

मी टाळी सोडली नाही.

आमचे सासरे आमच्याकडेच असतात. शाळेत कवायतीचे मास्तर होते. कान आता जवळजवळ गेलेत, पण ठेका अजून ऐकू येतो. मी सकाळी सज्जात ‘वी! आ! स्पेत्!’ सुरू केलं की ते आतून काठी टेकत यायचे आणि शेजारी ताठ उभे राहायचे. “जावईबापू, ‘स्पेत्’ला कोपर वाकतंय,” असं सांगायचे. आपण काय म्हणतोय याची चौकशी त्यांनी कधीच केली नाही. कवायतीत अर्थ विचारायचा नसतो.

एका आठवड्यात सहाही टाळ्या त्यांना उच्चारांसकट पाठ झाल्या. मला चौथ्या टाळीनंतर अजून आठवावं लागत होतं. “दादांना बघा,” ही म्हणाली, “या वयात!” ही ‘दादा’ म्हणते आपल्या वडिलांना, आणि लग्न झाल्यापासून मी दादांना बघतोच आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. सल्ला द्यायचा नसेल तर ते जिन्यातून वर येत नाहीत. “चिठ्ठ्या करा,” ते म्हणाले. “उच्चाराच्या निळ्या, अर्थाच्या पिवळ्या. कप्प्याकप्प्यात टाका. वर्गवारी केल्याशिवाय कुठलंही काम अंगी लागत नाही.” त्यांना इटालियनचं ओ की ठो येत नव्हतं, पण त्यामुळे त्यांच्या आत्मविश्वासाला बाध येत नव्हता.

कप्पे हवे होते म्हणून मी औषधांच्या दुकानातून प्लॅस्टिकचा गोळ्यांचा डबा आणला. सात वारांचे सात आडवे खण, प्रत्येकात सकाळ, दुपार, रात्र. क्रियापदांना अगदी मापात बसला. सकाळी धातू, दुपारी मधला प्रत्यय, रात्री शेवटचा. मंगळवारी ‘वाट पाहणं’, बुधवारी ‘झोपणं’, गुरुवारी ‘संपवणं’. इतकी सुबक व्यवस्था मी कार्यालयातसुद्धा कधी पाहिली नव्हती. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. तसाच डबा, तोच रंग, तीच कंपनी, सासऱ्यांचाही होता. आणि आमच्या घरात वस्तू ठेवायला कपाटाचा माथा एकच आहे.

मंगळवारी जेवण झाल्यावर सासरे म्हणाले, “आजची गोळी जरा खरखरीत होती.”

मी डबा उघडला. मंगळवार, दुपार, रिकामा. ‘वा’ गेला होता.

त्यानंतर घरात जे झालं ते मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी बाजू फारशी आली नाही. ही सासऱ्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि मला पुरावा म्हणून डब्यासकट सोबत घेतलं.

“काय गिळलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“अपूर्ण भूतकाळ,” मी म्हणालो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “वय?”

“भूतकाळाचं की दादांचं?” माझी चूक एवढीच, की मी घाबरलो होतो. हिने डॉक्टरांना सांगितलं, पिवळ्या कागदाची चिठ्ठी आहे, नखाएवढी. डॉक्टर म्हणाले, कागद आहे, निघून जाईल, पाणी भरपूर द्या. आणि जाता जाता माझा रक्तदाब तपासला. वाटेत ही रिक्षात माझ्याकडे पाठ करून बसली. सासरे मात्र खुशीत होते. दुपारची खरी गोळी कडू असते, ही बेचव होती, तेव्हा उद्यापासून हीच द्या, असा त्यांनी आग्रह धरला.

डबा जप्त झाला. मग मी टेबलाच्या थापांवर जोर दिला. दोनच दिवसांत सोसायटीची नोटीस आली, ‘वरच्या मजल्यावर विनापरवाना कारखाना चालू असल्याची तक्रार’. तक्रारदाराचं नाव गुप्त होतं, पण आमच्या टेबलाच्या बरोबर खाली मॅनेजर जेवायला बसतात. त्यांना गाठलं तर म्हणाले, “सल्ला वेगळा, तक्रार वेगळी. मी दोन्ही बाजू स्वतंत्र ठेवतो.”

सेक्रेटरीकडे गेलो. आवाज होणाऱ्या कामाच्या परवानगीसाठी त्याच्याकडे छापील अर्ज होता आणि त्यात तीनच रकाने होते : वाद्य, दुरुस्ती, पाळीव प्राणी.

“क्रियापद कशात बसतं?” मी विचारलं.

“वाजतं का?”

“तसं मीच वाजवतो.”

“वाद्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. ती आता पुढच्या वर्षी. दुरुस्तीला कंत्राटदाराची सही लागते. प्राणी लिहा, प्राण्याचं मी माझ्या अधिकारात करून टाकतो.”

“अहो, पण प्राणी नाहीये.”

“काका, रकाना रिकामा सोडता येत नाही.”

बिल-दुरुस्तीच्या खिडकीमागून हेच वाक्य मी हजारो लोकांना ऐकवलेलं आहे. समोरच्या बाजूने ते ऐकायची ही माझी पहिलीच वेळ. सहीशिक्क्याचा कागद हातात पडला, ‘एक प्राणी (परदेशी). संध्याकाळी पाच ते सात आवाज करण्यास हरकत नाही. बाहेर फिरवताना पट्टा बांधणे बंधनकारक.’ तो सूचना फलकावर लागला, आणि पुढचा आठवडाभर जिन्यात भेटेल तो विचारू लागला, काय खातो, चावतो का. शिवाय पाच ते सात या वेळेत आमच्या दारातून ‘वी! आ! स्पेत्!’ असा माझाच आवाज येत असल्याने काही जणांचा माझ्याविषयीच काहीतरी गैरसमज झाला. समोरच्या बाई आपल्या मांजराला कडेवर घेऊनच दार उघडू लागल्या.

कार्यालयातही निभाव लागला नाही. आमच्या साहेबांचा निरोप समारंभ होता. साहेब बोलत होते आणि मी मागच्या रांगेत मनातल्या मनात क्रियापद कापत होतो. साहेब म्हणाले, “माझ्या हातून आजवर काही चुका झाल्या असतील…” आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या मनातलं क्रियापद हातात उतरलं. सहा टाळ्या. खणखणीत. तिसऱ्या टाळीला लेखा विभाग सामील झाला, पाचव्या टाळीला अख्खं सभागृह. साहेबांच्या चुकांना इतकी दाद आजवर कोणी दिली नव्हती. साहेब जाता जाता माझी बदली जुन्या मीटरच्या गोदामात करून गेले. तिथे टाळ्या वाजवायला भरपूर जागा होती.

पण खरी काळजी वेगळीच होती. ती हिच्या लक्षात आली.

“एकदा टाळीशिवाय म्हणा बघू,” ती म्हणाली.

मी हात मांडीवर ठेवले. “वी…” म्हणालो, आणि जीभ जागच्या जागी बसली. पुढचं काहीच येईना. टाळी वाजवली की धडाधड सहाही तुकडे हजर, हात थांबला की कोरी पाटी. घाबरून बाईंकडे गेलो.

“मग वाजवा की टाळी,” बाई म्हणाल्या. “विमानतळावर जाताना हात काय घरी ठेवून जाणार आहात?”

हे मला पटलं. हात तर बरोबर असणारच होते.

विहीणबाई यायच्या दिवशी विमानतळावर आम्ही चौघं उभे होतो. मी, ही, मुलगी आणि इस्त्रीच्या कपड्यांत सासरे. हिने माझ्या डाव्या हातात फुलांचा भला थोरला गुच्छ दिला होता. उजव्या हातात पाटी होती, विहीणबाईंच्या नावाची. ती मॅनेजरांनी स्वखर्चाने रंगवून आणून दिली होती आणि ‘उंच धरा’ असा सल्लाही. दार सरकलं. जावई ढकलगाडी ढकलत बाहेर आला आणि त्याच्यामागून विहीणबाई.

फोनवर मोठ्या दिसायच्या, प्रत्यक्षात एवढ्याशाच होत्या. हातावर कोट, खांद्याला पिशवी. मुलगी मागे म्हणाली होती, की त्यांचा जन्म पोस्टाच्या खिडकीमागे गेला. ते मला आत्ता आठवलं, कारण घाबरल्यामुळे त्यांचा चेहरा मिटला होता, आणि मिटलेला चेहरा अगदी माझाच होता. उद्या या.

त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी तोंड उघडलं. “वी,” म्हणालो. आणि संपलं. डाव्या हातात गुच्छ, उजव्या हातात पाटी. जीभ हातांची वाट बघत राहिली.

 विहीणबाईंची मान खाली गेली. कोट या हातावरून त्या हातावर घेतला आणि मुलाला हळूच काहीतरी म्हणाल्या. मला कळलं नाही, पण कळायचं काय राहिलं होतं? रविवारी दिसायचो तोच मी होतो, फक्त आता उभा. त्यांनी ढकलगाडीचा दांडा धरला.

“बाबा,” मुलगी म्हणाली. एवढंच. लहानपणी पडली की अशी हाक मारायची, रडायच्या आधीची. 

मी गुच्छ सासऱ्यांच्या अंगावर फेकला. पाटी सोडली, ती कुणाच्या तरी पायावर पडली. आणि जीव तोडून टाळी वाजवली.

“वी! आ! स्पेत्! ता! वा! मो!”

‘स्पेत्’पर्यंत सासऱ्यांनी गुच्छ काखेत मारला होता. कवायत सुरू झालेली असताना ते मागे राहणं शक्यच नव्हतं. ‘ता’ला त्यांची टाळी पडली, ‘वा’ला जावयाची. मग कठड्याला टेकून उभे असलेले टॅक्सीवाले सामील झाले, मग त्यांच्यामागचं एक मोठं कुटुंब, मग सामान तपासणारा शिपाई. एवढे लोक वाजवतायत म्हणजे काहीतरी असणारच, अशा समजुतीने अख्खा कक्ष टाळ्यांनी दणाणला.

विहीणबाईंनी मागे वळून पाहिलं, कोण थोर माणूस येतोय म्हणून. मागे कोणीच नव्हतं. पुन्हा आमच्याकडे वळल्या आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. जन्मभर खिडकीमागून पाकिटं सरकवणाऱ्या बाई. त्यांच्यासाठी आजवर कोणी टाळी वाजवली असेल असं मला वाटत नाही. त्यांनी छातीवर हात ठेवला, चेहऱ्याची खिडकी एकदम उघडली, आणि त्या तिथेच रडता रडता हसायला लागल्या. मुलगी धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली. आमची हीसुद्धा रडली. सासरे म्हणाले, “शेवट एकसाथ आला नाही.”

मी मुलीला बाजूला घेतलं. “अगं, टाळ्यांत त्यांना वाक्य ऐकूच आलं नाही. पुन्हा म्हणू का?”

“बाबा,” ती डोळे पुसत म्हणाली, “हात जोडते, आता काही बोलू नकोस.”

लग्न छान झालं. एकच घोटाळा झाला. पाहुण्यांचं स्वागत टाळ्यांनी करायची आमच्याकडे पद्धतच आहे, अशी विहीणबाईंची समजूत झाली आणि ती मोडायची कोणाची छाती झाली नाही. त्या खोलीत आल्या की टाळ्या. चहाला बसल्या की टाळ्या. सकाळी न्हाणीघरातून बाहेर आल्या तरी सासरे बाहेर उभे, टाळी तयार. माझं वाक्य मात्र राहून गेलं ते गेलंच. कधी संधी साधून मी ‘वी’ची पहिली टाळी वाजवायचा अवकाश, की सगळं घर वाजवायला लागायचं. एवढा खटाटोप केला, सासऱ्यांच्या पोटात प्रत्यय घातला, नोकरीत गोदाम पत्करलं, जिन्यात जनावर म्हणून वावरलो, आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांना ते वाक्य पोहोचलंच नाही. मनातून मला ते फार लागलं. टाळ्या काय, साहेबांनाही मिळाल्या होत्या.

परतीचा दिवस आला. तिघं जायची होती. विहीणबाई, जावई आणि आमची मुलगी. सामान गेलं, कागद तपासून झाले, आणि तिघं जाड काचेच्या पलीकडे गेली. आवाज येत नव्हता. मुलगी हात हलवत होती. आम्ही हलवत होतो. मी मुलीकडे न बघता काचेवरची सूचनाच वाचत राहिलो.

तेवढ्यात विहीणबाई थांबल्या. खांद्यावरची पिशवी त्यांनी खाली ठेवली, कोट त्यावर ठेवला. दोन्ही हात मोकळे केले. माझ्याकडे बघितलं आणि टाळी वाजवली.

हिने आणि सासऱ्यांनी सवयीने हात वर केले. मी त्यांना थांबवलं. ते आपलं नेहमीचं नव्हतं. त्या सावकाश, एकेक वाजवत होत्या आणि प्रत्येक टाळीला ओठ हलत होते. काचेतून काही ऐकू आलं नाही, पण ते ओठ मी आरशात महिनाभर पाहिले होते. तिसऱ्याला ओठ आधी मिटले आणि मग जीभ दातांना टेकली. शेवटच्याला गोल झाले. सहा. सहाव्याला थांबल्या आणि आमच्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला.

म्हणजे पहिल्याच दिवशी ऐकलं होतं त्यांनी. सगळ्या गोंगाटात.

मला उत्तर द्यायचं होतं. पण माझा एक हात हिने घट्ट धरला होता आणि दुसऱ्या हाताला डोळ्यांशी काम होतं. तसाच मी बोललो. सबंध वाक्य, कुठेही न कापता, एका दमात.

सासरे माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांनी नापसंतीने मान हलवली.

“टाळी राहिली, जावईबापू.”